थीम पार्कातले जेवण : वेगळे म्हणजे कोणापेक्षा वेगळे?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

आजचा विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. तरीही तो मी मुद्दाम निवडला, कारण आपल्या दर्यापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतील मुले आज पुण्याला, हैदराबादला किंवा थेट अमेरिकेत नोकरीला आहेत आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना ती हौसेने थीम पार्क दाखवायला नेतात. तिकिटे, पाळणे, रांगा यांची चौकशी पुष्कळ आधीपासून होते. दुपारचे जेवण मात्र पोटात कावळे ओरडू लागल्यावर समोर दिसेल त्या काउंटरवर उरकले जाते. परिणामी माणूस खोपोलीच्या इमॅजिकात जाऊन पावभाजी खातो आणि अमेरिकेतल्या ऑरलँडोपर्यंत जाऊन अमरावतीत मिळतो तसाच पिझ्झा, तोही चढ्या भावाने.

जे आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात सहज मिळते ते पार्कात खाऊ नये, हा सल्ला नवा नाही. परदेशी प्रवासी एकमेकांना तो नेहमीच देतात. माझा आग्रह त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. तो सल्ला देणाऱ्याचे घर ओहायोत किंवा टेक्सासमध्ये असते आणि आपले दर्यापुरात. त्याची यादी आपण जशीच्या तशी उचलली, तर फिरून पुन्हा आपल्याच ताटावर येऊन बसू.

याचे उत्तम उदाहरण फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्येच आहे. तेथील ॲनिमल किंगडम लॉज या मुक्कामाच्या हॉटेलात ‘सना’ नावाचे रेस्टॉरंट असून त्याच्या खिडक्यांमधून मोकळ्या कुरणावर चरणारे जिराफ आणि झेब्रे दिसतात. आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड देणाऱ्या या ठिकाणची सर्वांत नावाजलेली गोष्ट म्हणजे नानसारख्या भारतीय रोट्यांची थाळी आणि तिच्यासोबत येणाऱ्या नऊ चटण्या व तोंडीलावणी. अमेरिकन पाहुणा तिच्यावर लुब्ध होतो, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. जवसाची, तिळाची, लसणाची चटणी रोज पानात डावीकडे वाढून घेणाऱ्या माणसाने मात्र तेथे जिराफांसाठी जावे, नानसाठी जाऊ नये.

याच्या उलट उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. त्याच डिस्ने वर्ल्डमधील मॅजिक किंगडम या पार्कात ‘लिबर्टी ट्री टॅव्हर्न’ हे वसाहतकालीन अमेरिकेच्या धर्तीवर सजवलेले रेस्टॉरंट आहे. भाजलेली टर्की, कुस्करलेले बटाटे, पावाचे मसालेदार सारण असा तेथील बेत असतो. नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिकन घरोघरी हेच शिजते, म्हणून ‘घरचेच तर आहे’ असे म्हणून तिकडचा एखादा अनुभवी प्रवासी त्याला नाक मुरडेल. आपल्यापैकी मांसाहार करणाऱ्यांसाठी मात्र तीच खरी परक्या घरची पंगत ठरते. अमेरिकन कुटुंब सणाला काय जेवते, हे मुलाच्या फ्लॅटमध्ये वरणभात खाऊन कसे कळणार?

दुसरी सावधगिरी सजावटीविषयी बाळगायची. थीम पार्कचा सगळा व्यवसायच देखाव्यावर उभा असल्यामुळे भिंती, गणवेश आणि संगीत हे सारे वेगळे असूनही ताटात नेहमीचाच बर्गर येऊ शकतो. जर्मनीत रुस्त या गावी १९७५ मध्ये सुरू झालेल्या युरोपा-पार्कात ‘फूडलूप’ नावाचे रेस्टॉरंट आहे. तेथे मागवलेला पदार्थ डब्यात बंद होऊन रोलर कोस्टरसारख्या रुळांवरून वळसे घेत थेट टेबलावर येतो. पार्क चालवणारे माक कुटुंब स्वतःच रोलर कोस्टर बनवणारे असल्यामुळे ही कल्पना त्यांना शोभतेही, आणि नातवंडांना ती आवडणारच. मात्र ते वेगळेपण रुळांचे झाले. डबा उघडल्यावर आत काय निघते, हा प्रश्न तसाच उरतो. म्हणून बाहेरची पाटी पाहून आत शिरू नये, आधी मेनू वाचावा. डिस्नेसारखी मोठी पार्के आपले मेनू किमतींसह इंटरनेटवर देतात, आणि टेबलावर बसून जेवण्याच्या तेथील नामांकित ठिकाणांची नोंदणी ६० दिवस आधी खुली होत असल्यामुळे हे वाचन घरी बसूनच करणे श्रेयस्कर ठरते.

एकाच दिवसाचा वेळ असेल, तर मी डिस्ने वर्ल्डमधलाच एप्कॉट हा पार्क सुचवीन. १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलेल्या या पार्काच्या एका भागात तळ्याभोवती ११ देशांची दालने आहेत आणि त्या त्या देशातून आलेले तरुण तेथे काम करताना दिसतात. जर्मनीच्या दालनात ‘बिअरगार्टन’ या रेस्टॉरंटमध्ये बँडच्या साथीने बुफे असतो. ते ठीक आहे. मेक्सिकोच्या दालनातील ‘सॅन आंखेल इन’ मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. भर दुपारी आत गेले तरी तेथे कायमची संध्याकाळ असते, समोर पिरॅमिड दिसतो आणि बाजूने पर्यटकांच्या नावा जातात. त्याच नावाचे मूळ रेस्टॉरंट मेक्सिको सिटीत आहे, म्हणजे सजावटीमागे खऱ्या स्वयंपाकाची परंपरा आहे. तेथे मोले मिळाला, तर तो अवश्य मागवावा. सुक्या मिरच्या, तीळ, दाणे आणि मसाले भाजून, बारीक वाटून, त्यांत किंचित चॉकलेट घालून केलेला हा काळपट रस्सा म्हणजे आपल्या सावजीचा दूरचा भाऊच. पण सावजीची तर्री जिभेवर लगेच चढते, आणि मोले आधी गोडसर लागून मग सावकाश तिखट होतो. सोबतची मक्याची रोटीही आपल्या भाकरीहून निराळी, कारण तिचा मका दळण्यापूर्वी चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. पूर्णपणे अनोळखी पदार्थापेक्षा अशा ओळखीच्या वाटणाऱ्या पदार्थातला फरक जिभेला अधिक शिकवतो, असे माझे मत आहे.

हैदराबादकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते. तेथील पार्कात चायनीज नूडल्स सोडून तेलंगणी जेवणाचे काउंटर शोधावे. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आपण तिची भाजी करून ज्वारीच्या भाकरीशी खातो, तिकडे तिचे तिखट-आंबट लोणचे होऊन ते भातात कालवले जाते.

आता समोर बसलेल्या माळकरी मंडळींच्या मनातला प्रश्न. वेगळे जेवण निवडताना शाकाहारी माणसाला धोका अधिक असतो, आणि तो दिसत नाही. जपानी दालनातल्या भाजीच्या नूडल्सचा रस्सा पुष्कळदा दाशीचा असतो, आणि दाशीत सुकवलेला मासा असतो. कांद्याचे फ्रेंच सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजते, तर मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. ‘यात मांसाचे तुकडे आहेत का’ असे विचारल्यास वाढपी प्रामाणिकपणे नाही म्हणेल, म्हणून रस्सा आणि चरबी कशाची, असे नेमके विचारावे आणि नोंदणी करतानाच आपला आहार कळवून ठेवावा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कांत घरचा डबा आत नेता येतो, काचेची भांडी आणि मद्य तेवढे चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत ती मुभा नसते. तेव्हा आजीसाठी पोळी-भाजीचा डबा बरोबर घ्यावा आणि उरलेल्यांनी एकेक अनोळखी पदार्थ मागवून वाटून खावा. आजीने त्यातला घास चाखावा की नाही, हे मात्र तो कशात शिजला आहे ते विचारून झाल्यावर तिचे तिलाच ठरवू द्यावे.