पिरारुकूचे राखणदार

श्रोतेहो, उष्ण कटिबंधातील अरण्ये आणि जलाशय वाचवायचे तर तेथील माणसांना आधी दूर करावे लागते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या पूरमैदानात, मामिरावा येथे, कोळ्यांनी तो कसा खोटा ठरवला हे आज सांगावयाचे आहे.

पिरारुकू हा गोड्या पाण्यातील महाकाय मासा तीन मीटरपर्यंत वाढतो. केवळ कल्ल्यांवर त्याचे भागत नाही. हवा घेण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर यावेच लागते, आणि नेमक्या त्या क्षणी भाला फेकणाऱ्याला तो सापडतो. बेसुमार शिकारीमुळे तो इतका घटला की १९९६ मध्ये ॲमेझोनास राज्यात त्याच्या मासेमारीवर बंदी आली. परंतु एवढ्या विस्तीर्ण जलप्रदेशावर पहारा ठेवणे सरकारी यंत्रणेच्या आवाक्यात नव्हते, त्यामुळे चोरटी मासेमारी चालूच राहिली.

१९९९ पासून मामिराव्यात, संशोधकांच्या साथीने, सामूहिक व्यवस्थापन सुरू झाले. त्याचा पाया म्हणजे मोजणी. अनुभवी कोळी तळ्याच्या ठरवून दिलेल्या भागात वीस मिनिटे लक्ष ठेवतो आणि वर येणाऱ्या माशांची नोंद करतो; पाण्याची खळबळ व श्वासाचा आवाज यांवरून तो एक मासा दुसऱ्यापासून वेगळा ओळखतो. शास्त्रीय पद्धतीने काढलेल्या अंदाजांशी ही मोजणी ताडून पाहिली, तेव्हा ती विश्वासार्ह ठरली. बंदीला अपवाद म्हणून, मोजलेल्या प्रौढ माशांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के मासे पकडण्याची परवानगी मिळते. दीड मीटरहून लहान मासा धरायचा नाही आणि विणीच्या काळात जाळे टाकायचे नाही. राखलेल्या तळ्यांतील माशांची संख्या अनेक पटींनी वाढली.

ग्वाटेमालातील पेतेन प्रांतातही असेच दिसते. जेथे गावांच्या संस्थांना लाकूड आणि ‘शाते’ नावाची शोभेची पाने काढण्याचे हक्क मिळाले, तेथील जंगल शेजारच्या लागुना देल तिग्रे राष्ट्रीय उद्यानापेक्षा चांगले टिकले.

मात्र मामिराव्यातील एक बाब मला अन्यायाची वाटते. चोरांपासून तळी राखण्यासाठी कोळी आळीपाळीने रात्रंदिवस पहारा देतात, त्यात इंधन आणि कामाचे दिवस खर्ची पडतात, प्रसंगी जिवालाही धोका असतो. व्यापारी देतात त्या भावात मात्र या श्रमांचे मोल धरलेले नसते. वनरक्षकाला वेतन मिळते, तर तेच काम करणाऱ्या कोळ्यालाही मोबदला मिळायला हवा, मग तो माशाच्या वाढीव भावातून येवो किंवा सार्वजनिक निधीतून.