रेषेच्या आत, रेषेच्या बाहेर : रोनाल्ड कूमन

[दृश्य : रॉटरडॅमचं स्टेडियम, रात्र. दिव्यांचा झगमगाट. कॅमेरा टचलाइनवर.]

१३ ऑक्टोबर १९९३. हॉलंड विरुद्ध इंग्लंड. पुढच्या वर्षी अमेरिकेत होणाऱ्या विश्वचषकाचं तिकीट कुणाला, हे जवळजवळ या एका सामन्यावर ठरणार आहे. उत्तरार्ध सुरू होऊन दहा-बारा मिनिटं झालीत, गोलफलक अजून कोरा. इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट मोकळा सुटतो. समोर फक्त गोलरक्षक. आणि मागून एक सोनेरी केसांचा डच बचावपटू त्याला धरून खाली ओढतो.

नियमाने हे लाल कार्ड. जर्मन पंचांनी काढलं पिवळं.

पाचेक मिनिटं जातात. आता फ्री किक हॉलंडला, इंग्लंडच्या गोलसमोर. मारणारा तोच, जो खरं तर एव्हाना अंघोळ करून कपडे बदलत असायला हवा होता. पहिला फटका पॉल इन्सने धावत येऊन अडवला. पंच म्हणाले, पुन्हा घ्या. फटका अडवायला रांगेत उभ्या असलेल्या खेळाडूंच्या सगळ्या भिंतीने अंग आवळलं, कारण या माणसाचा फटका पोटात बसला तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने जोर लावलाच नाही. चेंडू पायाने नुसता उचलला, भिंतीवरून हलकेच, आणि जाळ्यात.

पुढे बर्गकॅम्पने दुसरा गोल केला. इंग्लंडचे मॅनेजर ग्रॅहम टेलर टचलाइनवर उभे राहून बाजूच्या अधिकाऱ्याला सुनावत होते, की तुमच्या त्या पंचामुळे माझी नोकरी गेली. ती खरंच गेली, पुढच्याच महिन्यात. आणि रेषेच्या आत तो बचावपटू शांतपणे खेळत होता. त्याचं नाव रोनाल्ड कूमन.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. ग्रोनिंगन.]

जन्म २१ मार्च १९६३, झानडाम. वडील मार्टिन स्वतः फुटबॉलपटू, हॉलंडकडून एक सामना खेळलेले. थोरला भाऊ एर्विनही खेळाडू. म्हणजे घरात दुसरा विषय असण्याची शक्यता कमीच. सतराव्या वर्षी रोनाल्ड ग्रोनिंगनच्या पहिल्या संघात आला. तिथून १९८३ मध्ये आयाक्स, आणि १९८६ मध्ये थेट पीएसव्ही आइंडहोवन. आयाक्स सोडून पीएसव्हीला जाणं म्हणजे भाऊबंदकीत समोरच्या घरी जेवायला बसणं. पुढे त्याने फेयनूर्डलाही सोडलं नाही. हॉलंडच्या या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळलेला आणि तिन्हींना प्रशिक्षण दिलेला तो एकटाच.

१९८८ हे त्याचं वर्ष. पीएसव्हीने लीग जिंकली, डच चषक जिंकला आणि युरोपियन कपही. गंमत अशी, की उपांत्यपूर्व फेरीपासून पीएसव्हीने युरोपात एकही सामना जिंकला नाही. पाचच्या पाच बरोबरीत. श्टुटगार्टच्या अंतिम सामन्यात बेनफिकाविरुद्धही शून्य-शून्य, मग पेनल्टींवर सहा-पाच.

महिन्याभरात युरो स्पर्धा, पश्चिम जर्मनीत. हॅम्बुर्गची उपांत्य लढत यजमानांशीच. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याच जर्मनांकडून झालेला पराभव डच विसरले नव्हते. जर्मनीने पेनल्टीवर आघाडी घेतली, कूमनने पेनल्टीवरच बरोबरी साधली, शेवटी व्हॅन बास्टनचा गोल. सामन्यानंतर कूमनने ओलाफ थोनशी जर्सी बदलली आणि डच प्रेक्षकांसमोर त्या जर्मन जर्सीने ढुंगण पुसल्याचा अभिनय केला. शुद्ध पोरकटपणा. पण ती चित्रफीत आजही कूमनचा पाठलाग करते. चार दिवसांनी म्युनिकमध्ये हॉलंड युरोपचा विजेता झाला, दोघे कूमन बंधू मैदानात.

[दृश्य : लंडनचं वेम्बली स्टेडियम, मे १९९२. नारिंगी जर्सीतला बार्सिलोना.]

बार्सिलोनाचा प्रशिक्षक योहान क्रायफने त्याला १९८९ मध्ये तिथे नेलं, ते चेंडू अडवायला नव्हे. मागून खेळ उभा करायला. कूमन काही चपळ नव्हता. अंगाने जाडसर, पळायला बेताचा. पण मागे उभा राहून चाळीस-पन्नास मीटरवरच्या माणसाच्या नेमका पायात चेंडू टाकायचा. बचावपटू असून कारकिर्दीत अडीचशेच्या वर गोल. बऱ्याच स्ट्रायकरना हा आकडा स्वप्नातही दिसत नाही.

आणि तो गोल. २० मे १९९२, सॅम्पडोरियाविरुद्ध. अतिरिक्त वेळ, ११२वं मिनिट. स्टोइचकोव्हने चेंडू हलकेच सरकवला. बाकेरोने तळव्याखाली थांबवला. भिंतीतले दोघे-तिघे जिवाच्या आकांताने पुढे धावले. कूमनचा उजवा पाय आला. पाल्यूका झेपावला, पण चेंडू जमिनीलगत केव्हाच आत गेला होता. एक-शून्य. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप. चषक घ्यायला पायऱ्या चढण्याआधी खेळाडूंनी नारिंगी उतरवून आपली निळी-लाल जर्सी अंगावर चढवली.

(जाता जाता : या माणसाचा मुलगा गोलरक्षक झाला. लहानपणी घरामागे काय काय सोसलं असेल, कल्पना करा.)

[दृश्य : डगआउट. रिकामी खुर्ची.]

मॅनेजर म्हणून सुरुवात फितेस या डच क्लबमधून. मग आयाक्स : २००२ मध्ये लीग आणि चषक, २००४ मध्ये पुन्हा लीग. संघात इब्राहिमोविच, स्नाइडर, व्हॅन डर वार्ट, सगळे कोवळे. पीएसव्हीत २००७ ची लीग तर अवघ्या एका गोलच्या फरकाने. शेवटच्या दिवशी पाच-एक जिंकले म्हणून, चारवर थांबले असते तर पंचाईत होती.

पण त्याच साली स्पेनमधला व्हॅलेन्सिया क्लब. तिथे त्याने तीन ज्येष्ठ खेळाडूंना घरी बसवलं आणि ड्रेसिंग रूम पेटली. १६ एप्रिल २००८ रोजी राजाचा चषक, म्हणजे स्पेनचा कोपा देल रे, जिंकला. २१ एप्रिलला नारळ मिळाला. पाच दिवस. हारांतली फुलं तरी सुकली होती की नाही कोण जाणे.

खेळाडू कूमन एका फटक्याने सामना फिरवायचा. मॅनेजर कूमनच्या हाती तो फटका नाही, आणि माझ्या मते त्याची सगळी चिडचिड इथूनच येते.

२०१४, इंग्लंडमधला साउदॅम्प्टन. क्लबने लल्लाना, लॅम्बर्ट, शॉ, लोव्ह्रेन सगळे विकून टाकले. कूमनने ओस पडलेल्या मैदानाचा फोटो टाकला आणि लिहिलं, सरावाला तयार. मग सादिओ मानेला आणलं, पुढच्या वर्षी व्हॅन डाइकला. आधी सातवा, मग सहावा क्रमांक. माझ्या लेखी हे त्याचं सर्वांत सुबक काम, चषक नसला तरी.

[दृश्य : बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ स्टेडियम, रिकामी गॅलरी.]

ऑगस्ट २०२०. बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला आठ-दोन धुतल्याला आठवडाही झाला नव्हता. तीन महिन्यांपूर्वीच कूमनला छातीत दुखून इस्पितळात न्यावं लागलं होतं. तरी हॉलंडच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची नोकरी सोडून तो बार्सिलोनाला गेला. वेम्बलीच्या वीराला ही हाक नाकारता येत नाही. आल्या आल्या सुआरेझला फोन करून सांगितलं, तुझी गरज नाही. सुआरेझ अ‍ॅटलेटिकोला गेला आणि त्यांनी लीग जिंकली. पुढच्या हंगामात सुआरेझने बार्सिलोनाविरुद्ध गोल केला आणि हात कानाला लावून फोनची खूण केली. त्या दिवशी बंदीमुळे कूमन गॅलरीत बसला होता. टचलाइनसुद्धा नशिबी नव्हती.

कर्ज एक अब्ज युरोच्या वर, मेस्सी गेला, पेद्री-गावीसारखी पोरं घेऊन खेळायचं. एक राजाचा चषक मिळाला. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये रेआल माद्रिदकडून हरल्यावर बाहेर लोकांनी त्याची गाडी घेरली, बुक्के मारले. तीन दिवसांनी त्याला काढलं. मैदानाबाहेर त्याच्या गोलची आठवण काढणारे कमी नव्हते. पण ती आठवण बचावाला येत नाही.

[दृश्य : डॉर्टमुंड, जुलै २०२४. नारिंगी गॅलरी.]

२०२३ मध्ये पुन्हा हॉलंड. युरोची उपांत्य लढत, समोर इंग्लंड. सातव्या मिनिटाला सिमन्सचा गोल. मग हॅरी केनने फटका मारला, दुम्फ्रीसचा बूट त्याला लागला. पंचांनी खेळ थांबवून पडद्यावर पाहिलं आणि पेनल्टी दिली. एक-एक. सामन्यानंतर कूमन वैतागून म्हणाला की ही व्हिडिओची भानगड फुटबॉल बिघडवतेय. रॉटरडॅममध्ये पडदा असता तर त्याचं काय झालं असतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

नव्वदावं मिनिट. बदली आलेला वॉटकिन्स. त्याच्या पाठीला चिकटलेला स्टेफान दे व्राय, कूमननेच फेयनूर्डमध्ये खेळवलेला पोरगा. वॉटकिन्स वळला. फटका कोनातून, जमिनीलगत, लांबच्या खांबाच्या आत.

कूमन रेषेवर उभा होता.