शत्रूकडून आलेला तांदूळ

श्रोतेहो, नमस्कार.

ज्या शेजाऱ्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या घरात पूर शिरला तर मदत पाठवावी की नाही, यावर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. देणाऱ्याच्या मोठेपणावर तर भाषणंच्या भाषणं होतात. मला आज घेणाऱ्याबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते अवघड काम त्याचंच असतं.

१९८४ सालची गोष्ट. ऑगस्टच्या अखेरीला दक्षिण कोरियात पावसाने कहर केला. राजधानी सोलमधली हान नदी फुगली, नदीकाठचा मांगवॉन-दोंग हा सखल भाग पाण्याखाली गेला. देशभरात जवळजवळ १९० माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. आणि ८ सप्टेंबरला उत्तर कोरियाच्या रेडक्रॉसने चक्क रेडिओवरून जाहीर केलं, की दक्षिणेतल्या पूरग्रस्तांना आम्ही मदत पाठवतो. सुमारे ७,२०० टन तांदूळ, ५ लाख मीटर कापड, १ लाख टन सिमेंट आणि औषधं.

आता हे कुणी कुणाला म्हणावं? वर्षभरापूर्वी, ९ ऑक्टोबर १९८३ रोजी, दक्षिण कोरियाचे अध्यक्ष चुन डू-ह्वान ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावर होते. रंगूनच्या शहीद स्मारकात ते पुष्पचक्र वाहणार होते. त्यांना पोहोचायला थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यात बॉम्बस्फोट झाला. २१ जण ठार झाले. त्यांत दक्षिण कोरियाचे १७ जण होते, मंत्रीसुद्धा. मारेकरी उत्तर कोरियाचे निघाले. ज्यांनी काल अध्यक्षांच्या जिवावर घाला घातला, ते आज त्यांच्या प्रजेसाठी तांदूळ देऊ करत होते!

दक्षिण नाही म्हणेल आणि आपल्याला फुकटात नाव मिळेल, असाच उत्तरेचा हिशोब असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाही म्हणणं सोपंही होतं. दक्षिण कोरिया तोवर उत्तरेपेक्षा बराच पुढे गेला होता, सोलमधल्या १९८८ च्या ऑलिंपिकची तयारी चालू होती. अशा देशाने गरीब भावाचं धान्य का घ्यावं? पण १४ सप्टेंबरला सोलहून निरोप गेला: पाठवा. चुन काही शांततेचे पुजारी नव्हते बरं का. बंड करून सत्तेवर आलेले लष्करशहा, ग्वांगजू शहरातल्या निदर्शकांच्या रक्तपाताचा डाग लागलेला माणूस. तरी हा निर्णय त्यांच्या राजवटीने घेतला, हे मान्य करायलाच हवं.

आता पंचाईत उत्तरेची झाली. शब्द दिला होता, माल पाठवणं भाग होतं. दोन कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजॉमला दोन्ही रेडक्रॉसची बैठक बसली आणि माल कुठे उतरवायचा यावरच फिसकटली. उत्तरेला आपले ट्रक थेट सोलपर्यंत न्यायचे होते, दक्षिणेला ते नको होतं. शेवटी उत्तर कोरिया नमला. २९ सप्टेंबरपासून तांदळाचे ट्रक पानमुनजॉममार्गे आले आणि सिमेंटची जहाजं इंचॉन आणि बुकप्योंग या बंदरांना लागली. शेजारणीकडून भाजी आली की तिचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. तसंच दक्षिणेनेही उत्तरेच्या माणसांना भेटवस्तूंनी भरलेल्या बॅगा देऊन परत पाठवलं. त्यात प्रेम किती आणि आपली श्रीमंती दाखवायची हौस किती, हे तुम्हीच ठरवा. तांदळाच्या प्रतीवरून दक्षिणेत नाकंही मुरडली गेली.

पण त्या तांदळाच्या पाठोपाठ पुष्कळ काही आलं. नोव्हेंबरमध्ये दोन्ही देशांची आर्थिक बोलणी सुरू झाली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८५ मध्ये, कोरियन युद्धाने ताटातूट झालेल्या ६५ कुटुंबांची सोल आणि उत्तरेची राजधानी प्याँगयाँग इथे भेट झाली. सरकारी पातळीवरची ती पहिलीच भेट. जानेवारी १९८६ मध्ये लष्करी सरावाचं कारण देऊन उत्तरेने बोलणी थांबवली. म्हणजे सगळं मिळून सव्वा वर्षाचा खेळ. थोडकाच म्हणा हवं तर. पण त्या ६५ घरांना विचारायला हवं.

घेणाऱ्याला मदत घेण्यात कमीपणा वाटला, तर काय होतं, तेही कोरियातच दिसलं. जून १९९५ मध्ये दक्षिणेचं तांदळाचं जहाज उत्तरेतल्या चाँगजिन बंदरात शिरलं, तेव्हा त्याच्यावर उत्तरेचा झेंडा चढवायला लावलं गेलं. दक्षिणेत संतापाची लाट उसळली, उत्तरेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. आपण हात पसरतोय असं दिसू नये, म्हणून हा सगळा आटापिटा. आणि त्याच उन्हाळ्यात महापुराने उत्तर कोरियाला जगापुढे हात पसरायला लावलेच.

आपल्याकडे २०१० मध्ये याचीच आवृत्ती घडली. पाकिस्तानातल्या महापुराने सुमारे २ कोटी लोकांना तडाखा दिला. भारताने ५० लाख डॉलर देऊ केले. इस्लामाबादला होकार द्यायला आठवडा लागला, आणि पैसे संयुक्त राष्ट्रांमार्फत द्या म्हणाले. दिल्लीने ते मनाला लावून घेतलं नाही. उलट रक्कम अडीच कोटी डॉलर केली आणि संयुक्त राष्ट्रांकडे वळवली. मला हे शहाणपणाचं वाटतं. पैसा पूरग्रस्तांसाठी होता ना, मग त्यावर कुणाचा शिक्का, याला किती महत्त्व द्यायचं?

जुलै २०२४ च्या अखेरीस उत्तर कोरियातलं सिनुइजू बुडालं. दक्षिणेच्या रेडक्रॉसने लगेच मदत देऊ केली. पण दोन्ही बाजूंचा फोन वर्षभरापूर्वीच बंद पडला होता, त्यामुळे निरोप पत्रकारांसमोर जाहीर करावा लागला. प्याँगयाँगने होही म्हटलं नाही.

मात्र एक मदत अशी आहे, जी घ्यायला कुणाचीच मान खाली जात नाही. ऑगस्ट २०२५. पहलगामच्या हल्ल्यानंतर सिंधू जलकरार भारताने स्थगित ठेवलेला, पाण्याची माहिती ज्यातून जायची तो सिंधू आयोगाचा रस्ता बंद. तरीही जम्मूतून पाकिस्तानात जाणाऱ्या तावी नदीला मोठा पूर येण्याची शक्यता दिसताच, भारताने आपल्या इस्लामाबादच्या उच्चायोगामार्फत पाकिस्तानला तसं कळवलं. पाकिस्ताननेही ते ऐकलं, आणि खालच्या लोकांना इशारा दिला. धरणातून किती क्युसेक पाणी सुटलं हे वेळेवर कळण्याचं मोल सांगली-कोल्हापूरच्या श्रोत्यांना मी काय सांगणार? गुरं सोडायला, म्हातारी माणसं हलवायला तेवढे काही तास मिळतात. करार पुन्हा सुरू व्हायचा तेव्हा होवो, निदान हे आकडे तरी दोन्हीकडच्या काठांवर नियमित पोहोचत राहावेत. त्याला ना ट्रक लागतो, ना जहाज, ना झेंडा.

नमस्कार.