आलेखावरचा आकडा आला कुठून?

मुलांनो, आलेख कसा काढायचा हे तुम्हाला येतं. आज मला बोलायचंय ते त्याच्या कोपऱ्यात आपण चाचणीचा जो निकाल लिहितो त्याबद्दल. मी तिथेच चुकलो होतो, आणि ती चूक अजून सलते.

देवगडच्या दोन हापूस बागा. एक कातळावरची, दुसरी खालच्या भरड मातीतली. दोन्हीकडची वीस-वीस फळं तोलली, आर या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत बॉक्सप्लॉट काढला (प्रत्येक गटातली वजनं कुठे पसरलीत ते खोक्याने दाखवणारा आलेख), टी-टेस्ट चालवली (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी). पडद्यावर पी आला ०.४७. पी म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती इतकी मोठी, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. तो मी हाताने आलेखावर टाईप केला. मग ध्यानात आलं, कातळावरच्या एका फळाचं वजन २१५ ऐवजी २१५० ग्रॅम पडलंय. नोंद सुधारली, आलेख पुन्हा काढला. खोके बदलले, मजकूर मात्र जुनाच राहिला.

तोच आलेख घेऊन बागायतदारांपुढे उभा राहिलो. पुढे बसलेले एक काका बराच वेळ बघत होते. म्हणाले, "सर, खोके तर लांब लांब दिसतत. मगे फरक नाय म्हणतास, तो आकडो खंयसून इलो?"

खरा पी ०.००३ होता. काकांना पी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण डोळ्यांना दिसतंय ते आणि लिहिलंय ते जुळत नाही, एवढं त्यांनी बरोबर हेरलं.

तेव्हापासून मी आकडा टाईप करत नाही. टी-टेस्टचं उत्तर आधी एका नावाखाली साठवायचं, समजा 'निकाल'. त्यात नुसता पी नसतो. टी हा चाचणीचा आकडा असतो, दोन्ही सरासऱ्या असतात, कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, असतो. डॉलरचं चिन्ह लावून हवं ते काढायचं, स्प्रिंटएफ हे आकडे मजकुरात बसवणारं फंक्शन वापरून त्याचं वाक्य करायचं आणि ते वाक्य आलेखाला द्यायचं. मग वजनाची एक नोंद बदलली तरी सगळं पुन्हा चालवल्यावर मजकूरही आपोआप बदलतो.

जीजीप्लॉट २ या आर मधल्या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये हे वाक्य अॅनोटेट या फंक्शनने लिहा. अनेक जण जिओम-टेक्स्ट वापरतात आणि अक्षरं जाड, खरबरीत का दिसतात म्हणून हैराण होतात. जिओम-टेक्स्ट तक्त्याच्या दर ओळीला एकदा लिहितं आणि आपल्या तक्त्यात चाळीस ओळी, म्हणून तेच वाक्य एकावर एक चाळीस वेळा छापलं जातं! अॅनोटेट एकदाच लिहितं. मजकुराची जागा वजनाच्या मापात दिलीत तर विदा, म्हणजे डेटा, बदलल्यावर ती चुकते. एक्स आणि वाय दोन्हीकडे इन्फ (म्हणजे अनंत) द्या, मजकूर वरच्या उजव्या कोपऱ्याला धरून राहतो. एचजस्टने आडवा, व्हीजस्टने उभा थोडा आत ओढून घ्यायचा.

कोणती चाचणी, हेही लिहा. आर ची टी-टेस्ट आपण काही सांगितलं नाही तर वेल्चची पद्धत वापरते, दोन्ही गटांतला विखुरलेपणा सारखा धरत नाही. जीजी-पब-आर या दुसऱ्या पॅकेजमधलं तयार फंक्शन दोन गटांना न विचारता विलकॉक्सन लावतं, म्हणजे वजनांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणारी वेगळी चाचणी. सोय चांगली आहे, पण आपण टी-टेस्ट केली असं समजून अहवाल लिहिणारे मी पाहिलेत. आणि पी फारच लहान आला तर शून्य लिहू नका, '०.००१ पेक्षा कमी' लिहा.

आता माझं खरं म्हणणं. पी एकटा लिहू नका. १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ही चाचणी मांडणारा विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत कामाला होता. थोडे नमुने हातात असताना काय ठरवायचं, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. आपल्या बागायतदाराचा प्रश्न तोच आहे, आणि त्याला फरक ग्रॅममध्ये हवा असतो.

पुढच्या खेपेला आलेखावर लिहिलं होतं: वेल्च टी-टेस्ट, प्रत्येकी २० फळं, फरक २५ ग्रॅम (९ ते ४१), पी ०.००३. तेच काका आले. पी कडे त्यांनी पाहिलंही नाही. बोटांवर हिशोब केला, पाच डझनांच्या पेटीत साठ फळं. "म्हणजे पेटीमागे दीड किलो," ते म्हणाले, "पण कमीत कमी अर्धो किलो आणि जास्तीत जास्त अडीच, असांच मां?"