कैगाची बातमी गोव्यात कशी पोचते?

नमस्कार मंडळी. गोव्यात अणुभट्टी नाही, म्हणून आपण निवांत. पण काणकोणहून कर्नाटकातलं कैगा सरळ रेषेत ५० किलोमीटरसुद्धा नाही. काळी नदीच्या काठी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या.

नोव्हेंबर २००९. तिथल्या कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ जास्त आढळला. शोध घेतला, तर पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्येच ट्रिटियम असलेलं जड पाणी, म्हणजे भट्टीत वापरतात ते खास पाणी, मिसळलेलं! पन्नासहून जास्त माणसं ते प्यायली होती. कुणीतरी मुद्दाम केलंय, असं अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर म्हणाले. (आडनाव ऐकून गोव्यात कान टवकारतातच.)

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. पाण्यातून शरीरात येतो, लघवी-घामातून जातो. साधारण दहा दिवसांत निम्मा बाहेर. भट्टीतून गळती झालीच नव्हती. पण 'कैगा' आणि 'किरणोत्सर्ग' एका मथळ्यात आले, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट चेर्नोबिल.

आता सगळं खापर पत्रकारांवर फोडू नका. २४ तारखेला उघडकीस आलेला प्रकार लोकांना कळला आठवड्याच्या शेवटी, तोही बातम्यांतून. अधिकृत खुलासा मागाहून आला. मधल्या दिवसांत गावातल्या माणसाने काय समजायचं? माझ्या मते विश्वास उडतो तो इथे. माणसं किरणांना जेवढी घाबरतात, त्याहून जास्त लपवाछपवीला.

आणि ती सवय जुनी. १९६२च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८व्या कलमात माहिती उघड करण्यावरच बंधनं होती. सुरक्षेवर देखरेख करणारं नियामक मंडळही पुरेसं स्वतंत्र नाही, असा ठपका 'कॅग'ने २०१२च्या अहवालात ठेवला. सरकारच्याच लेखापरीक्षकाने, कुठल्या आंदोलकाने नव्हे.

माध्यमांची चूक वेगळी आहे. त्याच कैगाचं पहिलं युनिट २०१६च्या मे महिन्यापासून ३१ डिसेंबर २०१८पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चाललं. तेव्हाचा जागतिक विक्रम! आठवतेय बातमी? भट्टी सुरळीत चालली, यावर चर्चेचा कार्यक्रम कोण करणार?

तेव्हा पुढच्या वेळी असा मथळा दिसला, की आधी किती मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचं माप) ते शोधा. आकडा नसेल, तर बातमी फॉरवर्ड करायची घाई नको. आणि खुलाशातही आकडा नसेल, तर खुलाशावरही विश्वास नको.

पुढच्या व्हिडिओत आपल्या उत्तरेला, जैतापूरला जाऊ. ९,९०० मेगावॅटचा नियोजित अणुप्रकल्प, आणि तिथल्या मच्छीमारांचे प्रश्न.