ड्रायरच्या हवेची वाट

नमस्कार श्रोतेहो.

जुलैमध्ये मुंबईला संततधार लागली की घरोघरी एकच रड सुरू होते: कपडे वाळत नाहीत. दोरीवर दोन दिवस राहूनही जीन्सचा कमरपट्टा ओलसर लागतो, टॉवेलला कुबट वास येतो. म्हणून लोक ड्रायर घेतात, आणि वर्ष-दोन वर्षांत दुसरी रड सुरू होते. ड्रायर तास-दीड तास फिरतो, पण कपडे निघतात ते गरम आणि दमट! दुरुस्तीला गेल्यावर मी असा ड्रायर उघडतो, तेव्हा यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. हवा तेवढी अडलेली असते.

पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमध्ये चांगले पिळून निघाले, तरी त्यांत जवळजवळ तीन लिटर पाणी उरतं. ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो, तापवतो, कपड्यांतून फिरवतो आणि ते सगळं पाणी वाफेच्या रूपानं मागच्या चार इंची पाइपातून बाहेर ढकलतो. पाइप तुंबला की वाफ ड्रममध्येच घुटमळते. मग कितीही तापवा, झाकण लावलेल्या कुकरमध्ये पापड वाळवण्यातला प्रकार.

तुमच्या ड्रायरला पाण्याची टाकी असेल किंवा पाणी सोडणारी नळी असेल, तर तो वाफेचं पाणी करणारा प्रकार आहे, त्याला हा पाइप नसतो. त्याचा कंडेन्सर आणि जाळी साफ ठेवा. मी बोलतोय ते पाइपवाल्या ड्रायरबद्दल.

दोष यंत्रात की पाइपात, हे घरच्या घरी कळतं. प्लग काढून ड्रायर पुढे ओढा, मागचा क्लॅम्प सैल करून पाइप काढा. खिडकी उघडी ठेवून, तुम्ही तिथेच उभे राहून, पाइपाविना दहा मिनिटं ड्रायर चालवा. मागच्या तोंडातून गरम हवेचा जोरदार झोत आला, तर गुन्हेगार पाइप आहे. झोत तिथेही मरतुकडा असेल, तर दाराजवळची जाळी पाहा. रोज हातानं लिंट, म्हणजे कपड्यांचे बारीक तंतू, काढूनही जाळी बुजलेली असू शकते, कारण कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा चिकट थर तिच्यावर बसतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जाळीवर नळाचं पाणी धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा आणि पूर्ण वाळवूनच परत बसवा.

आता पाइप. आपल्या फ्लॅटमध्ये ड्रायर बहुधा ड्राय बाल्कनीत असतो, भिंतीला चिकटवलेला. तो मागे सरकवताना फॉइलचा पाइप चेपतो. त्याचं दुसरं तोंड सरकत्या खिडकीच्या फटीत अडकवलेलं असतं. पावसाची झड आली की घरातलं कुणीतरी काच ओढतं, आणि चार इंचांच्या पाइपाची चपटी पट्टी होते. वळ्यांमध्ये ओलं लिंट साचत जातं. असे पाइप मी झटकतो, तेव्हा आतून करड्या रंगाचा, नमद्यासारखा घट्ट गोळा बाहेर पडतो.

फॉइलचा पाइप फाटका किंवा चेपलेला असेल तर साफ करत बसू नका, बदला. आतून गुळगुळीत असा कडक धातूचा पाइप बसवा. लांबी कमीत कमी, एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, कमीत कमी. जोडाला स्क्रू मारू देऊ नका, त्यांच्या टोकांना लिंट अडकतं. क्लॅम्प आणि अॅल्युमिनियमची टेप पुरते. प्लास्टिकचा पाइप तर नकोच.

बाहेरच्या तोंडाला कबुतरांसाठी बारीक जाळी लावलेली दिसते. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तिच्यावर लिंटचा पडदाच तयार होतो. तिथे हवेच्या जोरानं उघडणारी झडप हवी. कबुतरांनी घरटं केलंच असेल, तर साफ करताना मास्क लावा, विष्ठा आधी पाण्यानं ओली करा. सुकी झाडू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. आणि पाइप सोसायटीच्या डक्टमध्ये सोडू नका. तिथे शेजाऱ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात, तुमची वाफ त्यांच्या भिंतींवर बुरशी होऊन बसते.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. बाहेर हवा टाकायची, तर आत हवा यायला नको का? पावसात चहूबाजूंनी काचा लावलेल्या बाल्कनीत ड्रायरला कोरडी हवा मिळतच नाही. पाइपाचं तोंड आणि उघडी खिडकी शेजारी-शेजारी असतील, तर तीच वाफ पुन्हा आत येते. स्वयंपाकघराकडचं दार फटीएवढं उघडं ठेवा, पाइपाचं तोंड खिडकीपासून लांब न्या. नवा पाइप न घेताही एवढ्यानं फरक पडलेला मी पाहिला आहे.

ड्रम फिरतो पण गरमच होत नाही, अशी वेळ आली तर थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. हवा अडून यंत्र जास्त तापलं की तो स्वतः जळून यंत्र वाचवतो. कित्येकदा मेकॅनिक नवा फ्यूज टाकून पैसे घेऊन जातो, पाइपाकडे बघतही नाही, आणि थोड्याच दिवसांत तोही उडतो. फ्यूज बदलायला सांगाल तेव्हा पाइप उघडून दाखवायलाही सांगा. फ्यूज काढून तार थेट जोडण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. लिंट चटकन पेटतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या काळाचा अभ्यास केला, त्यात घरांतल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या, आणि साफसफाई न करणं हे त्यांचं सर्वांत मोठं कारण होतं. म्हणून ड्रायर लावून बाहेर जाऊ नका, झोपूही नका. धूर दिसला तर ड्रायरचं दार न उघडता मेन स्विच बंद करा आणि १०१ ला फोन लावा.

पाइप साफ झाल्यावर नेहमीचे कपडे घालून ड्रायर लावा, वाळायला किती मिनिटं लागली ते कागदावर लिहा आणि तो कागद ड्रायरच्या बाजूला चिकटवा. तेवढ्याच कपड्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागू लागला, की मेकॅनिकला बोलावण्याआधी मागचा क्लॅम्प सैल करा.

नमस्कार.