चढली की उतरली?

(पहाट. गोदाघाट. पुलावरच्या गाड्या, मागे देवळातली घंटा.)

डिसेंबरातली नाशिकची पहाट. सहा वाजून गेलेत, घाटावर अजून उजेड नाही. ज्याला भेटायला आलोय, त्याचं उजेडावाचून काही अडत नाही. पायरीवर बसून त्यानं गिटार मांडीवर घेतली, जाड तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. रात्री घरात लावलेली गिटार घाटावरच्या गारठ्यानं चढलीय.

पोलादी तार थंडीत आखडते, ताण वाढतो, सूर वर सरकतो. तासाभरानं ऊन अंगावर आलं की हीच तार सैल पडेल आणि उतरेल. म्हणजे एका सकाळीत दोनदा गिटार लावणं आलं.

(अगदी जवळून: गिटारच्या डोक्यावर क्लिप ट्यूनर. लाल दिवा. मग हिरवा.)

हा क्लिप ट्यूनर. पाचशे रुपयांच्या आत मिळतो, कपड्यांच्या चिमट्यासारखा बसतो. आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर थेट उचलतो. शेजारी ढोल वाजला तरी फसत नाही. तार उतरलेली असेल तर काटा डावीकडे, चढलेली असेल तर उजवीकडे, नेमकी लागली की हिरवा. आमच्या कॅमेऱ्याला हा दिवा फार आवडला. ज्याची गिटार, त्याला तो दिसत नाही. भाच्यानं हौसेनं लावून दिलाय. "राहू दे, छान दिसत असेल," म्हणतो.

गोंगाटात खात्रीनं चालणारं साधन हेच, आणि नेमकं हेच मुकं. आत एक बारकी मोटर घालून, सूर जुळला की थरथरायचं, एवढंच तर करायचं होतं.

(हात. नादकाटा गुडघ्यावर आपटतो, दांडी गिटारच्या पोटाला टेकवतो.)

खिशातून निघाला नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क: आपटला की एकच ठरलेला सूर देणारा. १७११ साली जॉन शोर नावाच्या इंग्रज तुतारीवादकानं केलेली वस्तू. बॅटरी नाही, पडदा नाही. हा ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा आहे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत वाद्यं जुळवायला ठरलेला 'ए' हा सूर तो हाच. सगळ्यांत बारीक तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पाचव्या आडव्या पट्टीपाशी, बोट ठेवलं की तोच सूर यायला हवा. एक तार लागली की बाकीच्या तिच्यावरून लावायच्या.

इथं लोक हमखास म्हणतात, देव एक काढून घेतो आणि दुसरं देतो. त्याला हे वाक्य मुळीच आवडत नाही. कान त्याला कुणी दिलेला नाही. अकरा वर्षं रोज घासून केलाय.

आता नीट ऐका. जाड तार पाचव्या फ्रेटवर, आणि शेजारची मोकळी. मोकळीचा सूर ११० हर्ट्झ. जाड तारेतून १०८ निघत असेल, तर दोन्ही एकदम वाजवल्यावर आवाज सेकंदाला दोन हेलकावे खातो. वाँव, वाँव. तो खुंटी पिळतो. हेलकावे लांबतात, मंदावतात… आणि विरतात.

(आठ सेकंद निवेदन नाही. फक्त तारा.)

तंबोरा लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. याच नाशिकमध्ये पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी रामनाम आधार आश्रम काढला. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झालेला हा माणूस गाण्याकडे वळला, आणि पुढे देशाला स्वरलेखनाची पद्धत देऊन गेला. पॅरिसमध्ये क्लोद मोंताल हा अंध माणूस पियानो जुळवण्यात एवढा तयार झाला की १८३६ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे कितीतरी अंधांनी हा व्यवसाय केला. तेव्हा काम डोळ्यांचं कधीच नव्हतं. डोळ्यांचं झालं ते साधनांत दिवे आणि काटे आले तेव्हापासून.

(द्वारका चौक. हॉर्न, बस, रिक्षा. कानाशी फोन.)

पण हेलकावे ऐकायला शांतता लागते, आणि लग्नाच्या मांडवात वाजवताना ती कुठून आणायची? तिथं फोन.

२००९ साली आयफोनला व्हॉइसओव्हर आलं, अँड्रॉइडला टॉकबॅक. पडद्यावर बोट फिरवलं की फोन बोलतो. ट्यूनरची ॲप ढिगानं आहेत. त्याच्या फोनवर आता सात आहेत. एकेक उघडून दाखवतोय.

पहिलं: बटणावर बोट आलं की नुसतं "बटण". कसलं, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. दुसरं: काटा हलतो, पण तो चित्र आहे, त्यामुळे फोन गप्प. तिसरं बोलतं, जरा जास्तच. "वीस सेंट खाली, अठरा सेंट खाली, पंचवीस…" शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर. वाक्य संपेपर्यंत तार विझलेली असते, आणि हेडफोन नसला तर फोन स्वतःचंच बोलणं ऐकून नवा आकडा सांगतो. चौथं नुसता सूर वाजवून दाखवतं, हे त्याला पटतं. मात्र जाड तार ८२ हर्ट्झची. फोनच्या इवल्या स्पीकरला तेवढा खर्ज पेलत नाही, वरचेच सूर ऐकू येतात. नवशिका त्या नादात तार वर ओढत राहतो.

त्याला रुचलंय ते पाचवं. टक, टक… टक-टक-टक. सूर जवळ आला की टकटक दाट होते, जुळला की सलग. बोलणं नाही. वायरचा इअरफोन एका कानात, दुसरा कान गिटारला मोकळा. ब्लूटूथ नको, आवाज मागाहून पोचतो.

(पंचवटीतली खोली. बारा वर्षांचा विद्यार्थी, तोही अंध. जमिनीवर तारांची पाकिटं.)

नव्या तारांच्या संचात ओळखीसाठी टोकाला रंगीत गोळ्या आहेत. पाहून दोघंही हसले. म्हणजे, ऐकून.

"दादा, ही कुठली?"
"चिमटीत धर. गुंडाळी लागतेय?"
"लागतेय."
"मग पहिल्या दोघींतली नाही. आता जाडी बघ."

दोन बारीक तारा गुळगुळीत, चार जाड तारांवर वळसे. पोरगा तार ओवतो, खुंटी फिरवतो.

"चढली की उतरली?"
"तूच सांग की."

सध्या दादाकडे सहा विद्यार्थी आहेत, लग्नसराईत ऑर्केस्ट्राचं काम असतं, घरखर्च निघतो.

(रात्र. दिवा बंद. फोनच्या पडद्याचा उजेडही नाही.)

आता तो एका ॲपवाल्यांना पत्र सांगतोय. बोलून, फोनच लिहून घेतो. हे चौथं पत्र.

"वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं बटण. त्याला नाव नाहीये. मला वाटतं ते तार निवडायचं असावं. पूर्णविराम. तुम्ही बघून सांगा. पूर्णविराम."